मुलीला ऑर्केस्ट्रातून पुढे येऊन सोलो वाजवायला सांगितलंय आणि ती नाही म्हणतेय, काय करावं?

घोडबंदर_बाबा

नमस्कार मंडळी, इथे वेस्टर्न क्लासिकलवाले कितीजण आहेत माहीत नाही पण विचारून बघतो.

मुलगी नववीत आहे, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. चार वर्षं व्हायोलिन शिकली आणि दोन वर्षांपूर्वी सरांनी तिला व्हायोलावर टाकलं, कारण ग्रुपमध्ये व्हायोलाला कोणी नव्हतं आणि हिचे हात लांब. (व्हायोलिन नाही, व्हायोला. जरा मोठं असतं, आवाज खालचा. नातेवाइकांना हे सांगून सांगून थकलो, माझी आई अजून "ते थोरलं व्हायोलिन" म्हणते.) दर रविवारी सकाळी वाशीला रिहर्सल असते, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जातो, ती आत आणि मी बाहेर पायरीवर पेपर वाचत. वीस-बावीस पोरं आहेत, सगळी तंतुवाद्यंच, त्यात व्हायोला फक्त तीन.

डिसेंबरमध्ये वार्षिक कॉन्सर्ट असतो. दरवर्षी मुंबईतून कोणीतरी पाहुणा वादक बोलावतात, तो पुढे उभा राहून वाजवतो आणि पोरं मागे साथ करतात. यंदा सर म्हणाले पाहुणा नाही, आपल्यातलीच तीन मुलं एकेक करून पुढे येतील. त्यात हिचं नाव. टेलेमन म्हणून जुना जर्मन संगीतकार, त्याचा व्हायोला कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे, बाकीचे साथीला अशी रचना), पूर्ण नाही, पहिले दोन भाग.

आम्ही खूश. ही मात्र ट्रेनमध्ये एक शब्द बोलली नाही आणि ऐरोली गेल्यावर एकदम म्हणाली "बाबा मला नाही वाजवायचं, मी मागेच बरी आहे." रडली नाही, चिडली नाही, शांतपणे म्हणाली आणि त्यामुळेच मला काय ते कळेना. घाबरली असती तर समजूत घातली असती. घरी रोज तासभर वाजवते, परीक्षेत मार्क चांगले पडतात, त्या ग्रेडच्या परीक्षेत तर एकटीच उभी राहून वाजवते ना!

त्यात आणखी एक भानगड, सोलो असलेल्या मुलांच्या घरच्यांनी प्रत्येकी ४० तिकिटं उचलायची आहेत, ३०० रुपयांचं एक. बायकोचं म्हणणं की पाहुण्याचे पैसे वाचवायचे आणि वर आपल्याकडूनच काढायचे असा हिशोब आहे. तर मला विचारायचंय की ऑर्केस्ट्रात बसणाऱ्या माणसाने असं पुढे येऊन सोलो वाजवणं ही खरंच मोठी गोष्ट असते का, बाहेर कुठे असं करतात का, आणि पोरगी नको म्हणत असेल तर थोडं रेटावं की सोडून द्यावं?

फटकळ_नौपाडा

सोडून द्या. पोरगी नको म्हणतेय, विषय संपला. आईबापाला फेसबुकवर फोटो टाकायचा असतो बाकी काही नाही. आणि १२ हजारांची तिकिटं विकत घेण्यापेक्षा तेवढ्यात वर्षभर मामलेदारची मिसळ खा सहकुटुंब.

सी_क्लेफ_सीवूड्स

बाबा, मीही व्हायोलाच वाजवते. हौशी आहे, नोकरी बँकेत, पण वीस वर्षं हेच चालू आहे. कोणीतरी व्हायोलाबद्दल विचारतंय हेच इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतेय त्यामुळे लांब लिहिणार, चहा घेऊन बसा.

पैशाचं आधी उरकते. पाहुण्याचे पैसे वाचतात हे खरंय, पण तेवढ्यावरून सरांवर संशय नको. मोठमोठे ऑर्केस्ट्रासुद्धा आपल्यातल्याच माणसाला अधूनमधून पुढे उभं करतात. बर्लिन फिलहार्मोनिकचे फ्लूटवाले एमान्युएल पाहुद आणि ओबोवाले आल्ब्रेख्ट मायर तर ऑर्केस्ट्रातली खुर्ची सांभाळून जगभर सोलो वाजवत फिरतात. हे आजकालचं फॅडही नाही. संगीतकार हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी ह्या सरदार घराण्याच्या दरबारी नोकरीला लागला तेव्हा त्याने सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा नावांच्या तीन सिम्फनी लिहिल्या आणि त्यात आपल्या वादकांना एकेकाला सोलो वाटून दिले, अगदी मागे उभ्या असलेल्या डबल बेसवाल्यालासुद्धा. नवीन साहेबाने आल्या आल्या ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना नावाने हाक मारावी तसं.

आता ऑर्केस्ट्रातला माणूस आणि सोलो. बाहेर ऑर्केस्ट्रात भरती कशी होते माहितीये? ऑडिशन घेतात, पहिल्या फेरीला बहुतेक ठिकाणी मध्ये पडदा असतो म्हणजे कोण वाजवतंय ते दिसू नये, आणि त्या पडद्यामागे पहिल्यांदा वाजवायचा असतो तो कॉन्चेर्टो. व्हायोलावाल्यांना बहुतेककरून श्टामित्झचा नाहीतर हॉफमाइस्टरचा. म्हणजे गंमत बघा, सोलो उत्तम वाजवून दाखवला की बक्षीस काय, तर जन्मभर सोलो न वाजवण्याची नोकरी. प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याच्या कपाटात असा एक कॉन्चेर्टो घडी घालून ठेवलेला असतो, लग्नातल्या शालूसारखा.

आणि तो कार्ल श्टामित्झ स्वतः कोण होता? जर्मनीतल्या मानहाइमच्या दरबारी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिन! १७७० मध्ये नोकरी सोडली आणि व्हायोलिन, व्हायोला घेऊन गावोगाव सोलो वाजवत फिरला. आमच्या वाद्यातला दुसरा मोठा माणूस विल्यम प्रिमरोज, तो अमेरिकेत कंडक्टर तोस्कानिनीच्या एनबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रात इतरांसारखाच व्हायोला सेक्शनमध्ये बसायचा, १९४१ मध्ये बाहेर पडला आणि पुढे संगीतकार बार्टोकने त्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहायला घेतला. बार्टोक १९४५ मध्ये गेला तेव्हा तो अर्धवट होता, त्याच्या मित्राने पुरा केला आणि १९४९ मध्ये प्रिमरोजने वाजवला.

पण तुमची मुलगी म्हणतेय "मी मागेच बरी", त्यावर तुम्ही लगेच आत्मविश्वास वगैरे शोधू नका. व्हायोला हे वाद्यच तसं आहे. वर व्हायोलिनचा आवाज, खाली चेलोचा, आम्ही मधे, वरणातल्या हिंगासारखे, आहे ते कळत नाही पण नसलं की कळतं. खुद्द मोझार्टला हे माहीत होतं. त्याचा १७७९ चा व्हायोलिन आणि व्हायोला दोघांसाठी एकत्र सोलो आहे, त्यात त्याने व्हायोलावाल्याला तारा अर्धा सूर चढवून लावायला सांगितल्या, म्हणजे आवाज जरा उजळ येईल आणि व्हायोलिनच्या शेजारी झाकला जाणार नाही. व्हायोलिनचा जादूगार पागानिनी, त्याची तर भारीच गोष्ट. त्याच्याकडे एक सुंदर व्हायोला आला होता म्हणून त्याने संगीतकार बर्लिओझला सोलो लिहायला सांगितलं, बर्लिओझने लिहायला घेतलं तर पागानिनी म्हणाला ह्यात मला गप्प बसायला फार लागतंय, मला सतत वाजवायचंय, आणि नाद सोडला. ते १८३४ मध्ये दुसऱ्याने वाजवलं. चार वर्षांनी पागानिनीने ते प्रेक्षकांत बसून ऐकलं आणि बर्लिओझसमोर चक्क गुडघे टेकले, वर २० हजार फ्रँक पाठवले. व्हायोलाला गप्प बसता येतं ह्याची किंमत त्याला अशी उशिरा कळली.

आणि उलटही असतं. साबिने मायर म्हणून क्लॅरिनेटवाली, कंडक्टर कारायानला ती बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये हवीच होती. ऑर्केस्ट्राने मत दिलं, ७३ विरुद्ध ४, नको. कारण सांगितलं की हिचा सूर आमच्यात मिसळत नाही. (बाई होती हेही कारण असणार असं बरेच जण म्हणतात, तिथे तेव्हा बायका जवळजवळ नव्हत्याच.) तिने १९८४ मध्ये सोडलं आणि पुढे जगभर सोलो वाजवले. तर मिसळणं आणि उठून दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकच माणूस दोन्ही करतो तेव्हा त्याला मधे गिअर बदलावा लागतो. तुमच्या मुलीला मिसळायला आवडत असेल, तेही येणारी माणसं कमी असतात.

परीक्षेशी तुलना करू नका. तिथे पियानोवाला तिच्या मागे येतो, इथे वीस पोरांना तिने ओढून न्यायचंय.

घोडबंदर_बाबा

ताई तुमचं उत्तर बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, हिंगाचं तिला फार आवडलं. पण पुढे उभं राहिल्यावर नक्की बदलतं काय? सूर तेच, पोरं तीच, हॉल पण तोच. हे मला खरंच कळत नाही, संगीतातला माझा पल्ला गणपतीत झांजा वाजवण्यापर्यंत.

सी_क्लेफ_सीवूड्स

झांजवाल्याला तर लय कळते, फार आहे तेवढं.

सगळ्यात आधी बघायला कोणी नसतं. मागे बसलं की पुढच्या डेस्कवरचा (दोघांत एक नोटेशनचा स्टँड, ते डेस्क) बो, म्हणजे वाजवायचा गज, बघून आपण वाजवतो, त्याचा बो उचलला की आपला उचलतो, चुकलं तरी सगळे मिळून चुकतात. पुढे आलं की बाकीचे तुमचा बो बघतात. श्वास घेऊन सुरुवात द्यावी लागते, आणि ती नाकाने घ्यायची असते जरा आवाज करून, मागच्यांना ऐकू जाईल अशी.

मग आवाज. सेक्शनमध्ये आपण शेजारणीइतकाच आवाज काढतो, बो मोजून मापून, व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून सुराला दिलेला कंप, तोसुद्धा बेताचा. सोलोला तीच मुलगी तेवढ्याच आवाजात वाजवेल तर तिसऱ्या रांगेपलीकडे पोचणार नाही. सवय अंगात इतकी मुरते की बो पूर्ण ओढायचा धीरच होत नाही, मला स्वतःला हे तोडायला तीनचार महिने लागले होते. आणि बऱ्याच ऑर्केस्ट्रांत व्हायोला कंडक्टरच्या उजव्या हाताला बसतात तेव्हा आमच्या वाद्याची तोंडं, म्हणजे ते इंग्रजी एफच्या आकाराचे कोरलेले असतात ना, ती मागच्या भिंतीकडे असतात. सोलोला कंडक्टरच्या डाव्या बाजूला उभं राहिलं की ती लोकांकडे होतात. तिला पहिल्यांदा स्वतःचा आवाज हॉलमधून परत आलेला ऐकू येईल, दचकायला होतं.

टेलेमन निवडलाय तो मात्र सरांनी डोक्याने निवडलाय. व्हायोलासाठी लिहिलेला जवळजवळ पहिला कॉन्चेर्टो तोच, तीनशे वर्षं जुना, मागे फक्त तंतुवाद्यं लागतात म्हणजे तुमच्या ग्रुपला पुरतो. पहिला भाग संथ आहे, लोकांना वाटतं सोपा. हात थरथरला की संथ भागातच कळतं. दुसरा भाग जलद, तो घाबरलेला माणूसही वाजवून जातो.

कोपरीचा_जुना_फिडल

नमस्कार. वय वर्षे ७४. कोपरीत राहतो. मी फिल्म लाइनमध्ये व्हायोलिन वाजवलं, १९७५ पासून जवळजवळ वीस वर्षं, ठाण्याहून सकाळची फास्ट पकडून ताडदेव नाहीतर अंधेरी, पेटी मांडीवर. आम्ही ४० व्हायोलिन असायचो कधी कधी. नाव कुठे येत नसे, त्याचं काही वाटतही नसे, दिवस भरला पैसे मिळाले.

एकदा एका रेकॉर्डिंगला अरेंजरने मला बोट करून सांगितलं की मधला चार बारचा, म्हणजे तालाच्या चार छोट्या घरांचा, तुकडा तू एकटा वाजव. तेव्हा सगळं एकदम लाइव्ह व्हायचं, गाणारा, ढोलक, आम्ही, सगळे एका वेळी. एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. मी उठून माइकपाशी गेलो आणि तिसऱ्या टेकला हात असा गार पडला की बो तारेवर टेकेना. मागे ३९ जण बसलेत आणि त्यांना जेवायला सोडायचंय, हेच डोक्यात. सहाव्या टेकला झालं. कोणी काही बोललं नाही, शेजारच्या गोवेकर मित्राने फक्त आपला डबा पुढे केला. ते चार बार आजही रेडिओवर लागतात, माझी नात म्हणते आजोबा तुमचं आलं.

उलट गंमत परवाची. दोन वर्षांपूर्वी गडकरी रंगायतनला जुन्या वादकांचा सत्कार होता, शाल नारळ, आणि निवेदक म्हणाला आता हे आपल्याला तो प्रसिद्ध तुकडा वाजवून दाखवतील. तो तुकडा आम्ही ४० जणांनी मिळून वाजवलेला! एकट्याने वाजवला तर चिंधीसारखा वाटतो. पण प्रेक्षक इतके टाळ्या वाजवत होते, काय सांगणार, वाजवला.

आमच्यात पुढे गेलेले होतेच. शिवकुमारजी, हरिप्रसादजी दोघांनी फिल्मच्या रेकॉर्डिंगला भरपूर वाजवलंय, बाहेर मैफली चालू ठेवून. अँथनी गोन्साल्विससाहेबांनी तर १९५८ मध्ये फिल्म लाइनमधलेच वादक गोळा करून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलालजी त्यांचेच शिष्य. मी तेव्हा लहान होतो पण आमच्या सिनियर लोकांनी ते इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे बसलो होतो असं वाटतं.

आणि एक किस्सा तुमच्या मुलीला सांगा. सारंगीवाले रामनारायणजी. रेडिओवर गवयांना साथ करायचे, १९४९ मध्ये मुंबईत आले, फिल्मला वाजवलं. १९५४ मध्ये कावसजी जहांगीर हॉलला पहिल्यांदा एकटे सारंगी घेऊन बसले आणि लोकांनी ऐकूनच घेतलं नाही, त्यांना पुढच्या मोठ्या कलाकारांची घाई. इतकं लागलं त्यांना की सारंगी सोडावी असं मनात आलं होतं. मग छोट्या छोट्या बैठकांत वाजवत राहिले आणि १९५६ मध्ये पुन्हा मुंबईतच बसले, तेव्हा जमलं. सारंगी साथीला बसणारं वाद्य, ते पुढे आलं ते असं. मधली दोन वर्षं छोट्या खोलीत गेली हे लोक विसरतात. तुमच्या सरांना म्हणावं पोरीला आधी वीस माणसांसमोर वाजवू द्या, एकदम वाशीच्या थिएटरला कशाला.

साउंडवाला_ऐरोली

वरचं सगळं ठीक पण माझ्याकडून एक. व्हायोला सोलो असेल तर सरांना सांगा मागची पोरं अर्धी करा सोलोच्या जागी, नाहीतर मुलगी ऐकूच येणार नाही, मधला आवाज मधेच गडप होतो. आणि थिएटरवाल्यांनी कॉलर माइक लावायला आणला तर लावून घेऊ नका, तो पट्टीवर घासतो आणि खरखर सगळ्या हॉलला. वाद्याला लावायचा क्लिप माइक मिळतो तो, किंवा समोर स्टँडवर एक चांगला माइक चार फुटांवर, बास. एसीचा घरघर आवाज संथ भागात खूप येतो, तो भाग चालू असताना पाच मिनिटं बंद करायला सांगा, मी सांगतो ते करतात, चहा पाजा.

वाशीची_चेलोआई

तिकिटांबद्दल बोलते कारण आम्ही ह्यातून गेलोय. माझ्या मुलाच्या ग्रुपनेही (तुमचा नाही, वेगळा) असंच केलं होतं, सोलोवाल्यांनी ५० तिकिटं. आम्ही सोसायटीत वाटली, भिशीत वाटली, ह्यांच्या ऑफिसात वाटली, पैसे कोण मागतंय. आलेल्यांतले निम्मे माझ्या मुलाचं झालं की उठून गेले. नंतरच्या मुलीच्या वेळी खुर्च्या रिकाम्या, तिची आई माझ्याकडे बघत होती आणि मी मान खाली घालून बसले. तेव्हापासून ठरवलंय. दहा तिकिटं घेईन, ती पण शेवटपर्यंत बसणाऱ्यांसाठी, जास्त जमणार नाही म्हणून स्पष्ट सांगायचं. काही होत नाही, तोंड वाकडं करतात दोन रविवार.

मुलाचं म्हणाल तर तो मधे विसरला. पाठ करून वाजवत होता, एका जागी नुसता थांबला, मागच्यांनी वाजवत राहून त्याला सांभाळून घेतलं आणि तो आठेक बारनंतर परत घुसला. मला वाटलं आता चेलो बंद. घरी येताना त्याने पाणीपुरी मागितली. आता पुढे जायचं असलं की नोटेशनचा स्टँड घेऊनच जातो, काही बिघडत नाही.

फटकळ_नौपाडा

चेलोआई ताई तुमचं पटलं. माझं वरचं जरा जास्तच झालं, पण ४० तिकिटं चुकीचीच ह्यावर मी ठाम आहे. आणि बाबा, सगळे जण इथे टेलेमन-बिलेमन सांगतायत, तुम्ही पोरीला विचारलंत का की नको म्हणजे का नको?

घोडबंदर_बाबा

फटकळराव तुमचा मेसेज वाचून लाज वाटली कारण खरंच नव्हतं विचारलं. मी "का नको, छान वाजवतेस की" एवढंच म्हणत होतो आणि ह्याला विचारणं म्हणत नाहीत.

काल रात्री जेवताना विचारलं. आधी "असंच" म्हणाली. मग जुन्या फिडलकाकांचा चार बारचा किस्सा सांगितला, डब्याचा, तेव्हा हसली आणि मग बोलायला लागली. ती जे म्हणाली ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणाली, "बाबा आम्ही तिघी आहोत व्हायोलाला. मी पुढे गेले की दोघी उरतात. त्यातली एक मेमध्ये आलीये व्हायोलिनवरून, तिला आमचा क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण, व्हायोलाची वेगळी असते) अजून वाचता येत नाही, ती माझा बो बघून वाजवते. माझ्याच डेस्कवर बसते, पानं पण मी उलटते. दुसरी मागच्या डेस्कवर एकटी असते, ती जोरात वाजवतच नाही. ह्या कॉन्चेर्टोत मागे पण व्हायोलाचा पार्ट आहे, तो कोण वाजवणार? मी पुढे सोलो वाजवत असणार आणि माझ्या मागे माझीच जागा रिकामी." मी म्हटलं भीती नाही वाटत? तर म्हणे वाटते ना, पण ती वेगळी. सरांना का नाही सांगितलंस, तर म्हणे ती नवीन मुलगी समोर उभी होती.

आता काय बोलू सांगा. मी १२ हजाराचा हिशोब करत बसलो होतो.

सी_क्लेफ_सीवूड्स

ही पोरगी खरी व्हायोलावाली आहे हो.

बरं, पण तिची अडचण खोटी नाहीये, अगदी बरोबर पकडलंय तिने. व्हायोलाचा मधला पार्ट पडला तर वर-खाली दोन्हीकडचे लोंबकळतात आणि संथ भागात ते सगळ्यात जास्त कळेल. सुटायला वाट आहे. शाळाकॉलेजच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला कमी पडतात तेव्हा तोच पार्ट व्हायोलिनच्या क्लेफमध्ये लिहून 'थर्ड व्हायोलिन' म्हणून देतात. एकदम खालचे सूर व्हायोलिनवर नाहीत, आमची जाड सी तार त्यांच्याकडे नसते, ते तेवढे एक सप्तक वर उचलायचे. मागच्या रांगेतली दोन व्हायोलिनची पोरं तिकडे बसवली की झालं. नवीन मुलीला पण तोच कागद द्या, ती हातातल्या व्हायोलावरही वाजवू शकते, क्लेफ शिकेल सावकाश. सरांना हे माहीत असणारच, फक्त त्यांना मुलीचं कारण माहीत नाहीये. ते तिच्या तोंडून नाही तर तुम्ही फोन करून सांगा, नवीन मुलीचं नाव न घेता.

आणि दुसरं, मी रविवारी सकाळी रिकामी असते आणि सीवूड्सहून वाशी म्हणजे काही लांब नाही. सरांना चालणार असेल तर मी येऊन मागे बसते व्हायोलात, त्या नवीन मुलीच्या शेजारी. कॉन्सर्टलाही. पैसे वगैरे काही नको, पोरांमध्ये एक काकू बसली तर बरं दिसेल का एवढं विचारा.

कोपरीचा_जुना_फिडल

बसा बसा. मी पण आलो असतो पण आता मान दुखते. तिकीट एक माझ्या नावाने ठेवा, पैसे देऊन घेणार.

घोडबंदर_बाबा

सरांशी बोललो. थर्ड व्हायोलिनचं लगेच हो म्हणाले, दोन पोरं कोणती ते पण ठरवलं. तिकिटांचं पंधरावर आणलं, थोडी कुरकुर झाली पण ठीक. त्याआधी नोव्हेंबरमध्ये इथे घोडबंदरलाच एका पालकांच्या हॉलमध्ये तीसेक लोकांसमोर वाजवून घेणार आहेत, फिडलकाका तुमचं नाव सांगून हे पदरात पाडून घेतलंय. एसीचं पण लिहून ठेवलंय.

ताई तुमच्याबद्दल सरांनी फक्त एवढंच विचारलं की परवाच्या रविवारी साडेनऊला जमेल का. लेकीला सांगितलं की एक काकू तुझ्या जागेवर बसायला तयार आहेत. बराच वेळ गप्प होती, मला वाटलं पुन्हा ऐरोली झालं. मग म्हणाली, "त्या बोइंग, म्हणजे बो कुठे वर कुठे खाली ते, आमच्यासारखं करतील ना? सरांनी दुसऱ्या भागात सगळं बदललंय."

सी_क्लेफ_सीवूड्स

पेन्सिल घेऊन येते म्हणावं. आणि खोडरबर पण.